वीतभर सुतळी टिकली म्हणून दोन मीटरची टिकेलच असं नाही: घरच्या घरी ताण-तुटीचं गणित कसं काढायचं

गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) पहाटे तीनच्या सुमारास आमच्या हॉलमध्ये धप्पकन आवाज आला, उठून बघतो तर माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात तो लाकडी सांगाडा) बाजूला टांगलेला नारळाचा घड खाली, एक नारळ घरंगळत थेट पाटाखाली गेलेला आणि वर वाशाला सुतळीचा हातभर तुकडा लोंबकळतोय. आमचं घर फोंड्याकडचं, जुनं, छप्पर उंच, त्यामुळे जड वस्तू मी माटोळीच्या सांगाड्यावर न टाकता सरळ वाशाला बांधतो, आणि दोरी होते चांगली दोन मीटर. आईचं एकच, केवणीची (रानातल्या झाडाच्या सालीची) दोरी आण म्हटलेलं, तुला सुतळीच पाहिजे. मला राग याचा आला की मी ती सुतळी टेस्ट करून बांधलेली! बॅगा मोजायचा हूकवाला डिजिटल काटा असतो ना, त्याला वीतभर तुकडा अडकवून ओढला होता, नऊ किलोच्या वर गेला तरी तुटेना, घड पाच किलोचा, म्हटलं झालं काम, जवळजवळ डबल आहे.

त्यात जास्त लाजिरवाणं म्हणजे मी पोटापाण्यासाठी टेस्टिंगचंच काम करतो, दिवसभर काँक्रीटचे क्यूब फोडतो. आणि काँक्रीटमध्ये हे सगळ्यांना पाठ असतं की एम-२० ग्रेड म्हणजे सरासरी ताकद २० नव्हे, तर १०० मधल्या ५ पेक्षा जास्त रिझल्ट २० च्या खाली जाणार नाहीत अशी अपेक्षा. एका क्यूबवर कोणी कधी बोलत नाही, तीन घेतात आणि तेही एकमेकांशी जुळतात का बघतात. घरी आलो आणि एका वीतभर तुकड्यावर देवाच्या डोक्यावर पाच किलो टांगले.

तर आता पद्धत सांगतो. शाळेच्या प्रोजेक्टला पण चालेल, माझ्या भाच्याने अकरावीला हेच केलं, खर्च काटा सोडला तर शंभर रुपयांच्या आत. पण आधी मागचा विचार थोडा समजून घ्या, नाहीतर नुसते तुकडे तोडत बसाल.

दोरी तुटते ती सगळीकडे एकदम नाही, एका जागी तुटते, जिथे ती सगळ्यात कच्ची आहे तिथे. आता वीतभर तुकड्यात कच्च्या जागा थोड्या, दोन मीटरमध्ये दहापट, म्हणजे एखादी फारच वाईट जागा सापडायचा चान्स तितकाच वाढला. साखळीची ताकद म्हणजे तिच्या सगळ्यात कमजोर कडीची ताकद, आणि लांब साखळीत कड्या जास्त, एवढंच आहे. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी लोखंडी तारेसाठी हाच प्रयोग लिहून ठेवलाय, तारेला टोपली टांगायची, वरून बारीक भोकातून वाळू सोडायची, तार तुटली की भोक बंद व्हायची सोय, मग वाळू तोलायची, तार कुठे तुटली ते लिहायचं, आणि मग तार अर्धी करून परत. १९२१ मध्ये ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनियरने काचेवर काम करून दाखवलं की काच तिच्या थिअरीतल्या ताकदीच्या आसपासही न पोचता फुटते ती बारीक चिरांमुळे, आणि काचेचे धागे जितके बारीक तितके ताकदवान, कारण बारीक धाग्यात मोठी चीर मावणारच नाही. १९२६ मध्ये पीअर्सने सुती धाग्याला हीच कमजोर कडीची कल्पना लावली. आणि १९३९ मध्ये स्वीडनचा वायबुल, त्याने याचं एक सोपं सूत्र करून दिलं, जे आपण खाली वापरणार आहोत. या वायबुलचा १९५१ चा पेपर मला फार आवडतो कारण त्यात तो एकच सूत्र स्टीलला लावतो, राखेच्या कणांना लावतो, राजम्याच्या दाण्यांच्या रुंदीला लावतो आणि चक्क भारतीय कापसाच्या तंतूंच्या ताकदीला पण लावतो.

सामान. सुतळीचा एक गुंडा, बाजारात कुठेही मिळतो, पण एकच गुंडा घ्या, दोन दुकानांची सुतळी मिसळू नका. हूकचा काटा, शक्यतो तुटायच्या क्षणीचा सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवणारा, काहींमध्ये ती सोय असते काहींमध्ये नसते, घेताना बघून घ्या. नसेल तर बादली-पाण्याची पद्धत, ती खरं तर जास्त चांगली, खाली सांगतो. दोन गुळगुळीत गोल दांडे, झाडूचा दांडा किंवा पीव्हीसी पाइपचे तुकडे. मार्कर, टेप, वही. आणि चष्मा, साधा का होईना, कारण तुटलेलं टोक उसळून डोळ्यावर येतं, सुतळीचं कमी येतं पण तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) वापरणार असाल तर चष्म्याशिवाय हात लावू नका.

तुकडे कापताना पहिली चूक होते. गुंड्याच्या सुरुवातीचे सलग सुतळी काढून तिचेच ३० तुकडे केले तर तुम्ही गुंड्याचा एकच भाग मोजला, आणि शेजारशेजारचे तुकडे एकमेकांसारखेच निघतात. त्यामुळे थोडी सुतळी सोडा, तुकडा काढा, परत दोनतीन मीटर सोडा, तुकडा काढा. मधली सोडलेली फेकू नका, ती लांब तुकड्यांना लागणार. ३० तुकडे हवेत, मोजायची लांबी २० सेंटीमीटर म्हणजे साधारण वीत, पण दांड्याला गुंडाळायला दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मीटर जास्त ठेवा. कापतानाच तुकड्यांना नंबर द्या. आणि दिसायला वाईट आहे म्हणून कुठलाही तुकडा बाजूला काढू नका! हे मी मुद्दाम ओरडून सांगतोय. पूर्वी एका ठिकाणी कामाला होतो तिथे सगळ्यात कमी आलेला आकडा "सँपल खराब होतं" म्हणून खोडायची पद्धतच होती. अरे, तेच तर मोजायचं होतं.

आता धरायचं कसं, इथे अर्ध्या लोकांचा प्रयोग फसतो. गाठ मारून ओढलं तर दोरी गाठीपाशीच तुटते, कारण गाठीत ती वाकते, दाबली जाते, आणि मग तुम्ही सुतळीची ताकद नाही, गाठीची ताकद मोजता. म्हणून टोक दांड्यावर चार-पाच वेढे देऊन गुंडाळायचं आणि मग शेवटी गाठ. घर्षणामुळे प्रत्येक वेढ्याला ताण कमी होत जातो, घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर चार वेढ्यांनंतर गाठीपर्यंत पोचणारा ताण हजाराव्या हिश्श्याहून कमी. बंदराला बोट बांधताना खलाशी खुंट्याला वेढे देतो आणि टोक नुसतं हातात धरतो ते हेच. दोन दांड्यांमधलं अंतर २० सेंटीमीटर, मार्करने दोन्ही बाजूंना खूण करा.

एक दांडा वर पक्का बांधा, खिडकीच्या गजाला किंवा पडवीतल्या खांबाला. खालच्या दांड्याला काटा लावून हळूहळू ओढा, झटका द्यायचा नाही, आणि सगळ्या तुकड्यांना साधारण तेवढाच वेळ घ्या, मी मनात वीस मोजतो. बादलीची पद्धत अशी की खालच्या दांड्याला बादली टांगायची, जमिनीपासून चार बोटं वर, खाली जुनं गोणपाट, आणि नळाला बारीक पाइप लावून एकाच धारेने पाणी सोडायचं. तुटलं की पाइप बाजूला, आणि बादली पाण्यासकट आणि खालच्या दांड्यासकट तोलायची. लिओनार्दोची वाळू, आपलं पाणी. हाताचा झटका यात येत नाही आणि भाच्यासारखी उतावळी मंडळी असतील तर हीच पद्धत बरी. फक्त पाणी सुतळीवर उडू देऊ नका.

कारण ओल मध्ये आली की आकडे बदलतात, आणि गोव्यात पावसाळ्यात हवाच ओली असते. गंमत म्हणजे सगळ्या धाग्यांचं सारखं नाही, सुती दोरा ओला झाला की उलट जास्त ताकद धरतो, नायलॉन थोडं कमजोर होतं, व्हिस्कोस तर फारच. त्यामुळे सगळे ३० तुकडे एकाच दिवशी, एकाच खोलीत. पंधरा तुकडे मे महिन्यात आणि पंधरा तुकडे जुलैत असं केलंत तर मग आलेला फरक सुतळीचा की हवेचा ते ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही.

प्रत्येक तुकड्यासाठी वहीत दोन गोष्टी लिहा, किती किलोला तुटला, आणि कुठे तुटला. खुणांच्या मध्ये तुटला तर ठीक. दांड्याला टेकतो तिथेच तुटला तर आकडा लिहा पण शेजारी फुली मारा. दोनचार फुल्या असतील तर चालतंय, निम्म्याला फुल्या असतील तर दांडा खरखरीत आहे किंवा फार बारीक आहे, जाड आणि गुळगुळीत दांडा घेऊन परत सगळं. कंटाळा येईल पण काय करणार.

आता गणित. एक्सेल किंवा मोबाइलवरचं कुठलंही शीट चालेल. ३० आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि शेजारी १ ते ३० नंबर. मग तिसऱ्या रकान्यात प्रत्येकाची तुटायची शक्यता, ती अशी: नंबरातून ०.३ वजा, भागिले ३०.४. म्हणजे सगळ्यात कच्च्या तुकड्याला ०.७ भागिले ३०.४, बरोबर ०.०२३, आणि सगळ्यात पक्क्याला २९.७ भागिले ३०.४, बरोबर ०.९७७. सरळ १ भागिले ३० का नाही, कारण मग शेवटचा पूर्ण १ येतो, म्हणजे यापेक्षा पक्का तुकडा जगात नाही असं म्हटल्यासारखं, आणि तुम्ही तर फक्त ३० बघितलेत.

चौथ्या रकान्यात: १ मधून ती शक्यता वजा करा, त्याचा नॅचरल लॉग घ्या, तो निगेटिव्ह येईल, चिन्ह उलटवा, आणि परत एकदा नॅचरल लॉग. हो, लॉगचा लॉग. पहिल्या तुकड्याला उणे ३.७६ आलं आणि शेवटच्याला १.३३ आलं तर फॉर्म्युला बरोबर टाकलाय. पाचव्या रकान्यात तुटण्याच्या वजनाचा नॅचरल लॉग. आता आडव्या अक्षावर पाचवा रकाना, उभ्यावर चौथा, आणि ठिपके टाका. ठिपके साधारण एका सरळ रेषेत आले पाहिजेत, त्या रेषेचा चढ म्हणजे तुमचा एम, वायबुल मॉड्युलस, शीटमध्ये स्लोप नावाचं फंक्शन आहे ते सरळ देतं. दुसरा आकडा म्हणजे खास वजन, ज्या वजनाला १०० पैकी साधारण ६३ तुकडे तुटून गेलेले असतात. उभ्या अक्षावर शून्य जिथे आहे तिथे रेषा आडव्या अक्षावर कुठे पडते ते बघायचं आणि त्याचा लॉग उलटवायचा, म्हणजे ई (२.७१८) चा तेवढा घात.

एम म्हणजे भरवशाचा आकडा असं समजा. मोठा एम म्हणजे सगळे तुकडे जवळजवळ सारख्याच वजनाला तुटतात, छोटा एम म्हणजे लॉटरी. पुस्तकांत खडू, वीट, मातीची भांडी यांचा एम ५ च्या आसपास देतात, इंजिनियरिंगच्या सिरॅमिकचा १० च्या आसपास, स्टीलचा १०० च्या आसपास. घाईत अंदाज हवा असेल तर १.२ ला भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन आणि सरासरीचं गुणोत्तर, म्हणजे २० टक्के पसारा असेल तर एम साधारण ६.

ठिपके सरळ रेषेत न येता मध्येच मोडलेले दिसले, म्हणजे खालचे चारपाच ठिपके वेगळ्याच चढावर, तर घाबरू नका, उलट तिथे खरी मजा आहे. वहीत बघा ते तुकडे कुठे तुटले. भाच्याच्या वेळी तसंच झालं, खालचे सगळे ठिपके जिथे सुतळीत कारखान्यातच जोड दिलेला असतो त्या जागेचे निघाले. दोन प्रकारच्या कच्च्या जागा, दोन वेगळ्या रेषा, एकत्र करून एक एम काढला तर तो कुणाचाच नाही.

आता मुख्य काम, लांब दोरीचा अंदाज. समजा, नुसतं उदाहरण म्हणून, २० सेंटीमीटरच्या तुकड्यांचं खास वजन १० किलो आलं आणि एम ६ आला. दोरी दोन मीटरची, दहापट. नियम असा:

लांब दोरीचं खास वजन = छोट्या तुकड्याचं खास वजन × (छोटी लांबी ÷ मोठी लांबी) चा १/एम घात

म्हणजे ०.१ चा एक-सहांश घात, ०.६८. दहा किलोचे झाले ६.८ किलो. तीच सुतळी, तोच गुंडा. स्टीलची तार असती, एम १००, तर ०.९८ आलं असतं, म्हणून फॅब्रिकेशनवाला लांबी विचारत बसत नाही आणि आपल्याला विचारावी लागते.

आणि आता माझा घड बघा. कुठल्याही वजनाला तुटायची शक्यता काढायची तर टांगलेलं वजन भागिले खास वजन, त्याचा एम घात, तो उणे करून ई चा तेवढा घात, आणि तो १ मधून वजा. पाच किलो वीतभर दोरीवर: १.६ टक्के. पाच किलो दोन मीटरवर: साडेचौदा टक्के, म्हणजे सातात एक. मी वीतभर तुकडा ओढून खूष झालो होतो तेव्हा खरा सौदा हा होता. वर घड रात्रंदिवस टांगलेला, आणि सतत लटकलेल्या वजनाला दोरी झटपट ओढलेल्या टेस्टपेक्षा कमी वजनात तुटते, म्हणजे हे सातात एक पण माझी बाजू घेऊन धरलेलं.

उलट पण काढता येतं. शंभरात एकच दोरी तुटावी असं हवं असेल तर याच उदाहरणात दोन मीटरला ३.२ किलो, हजारात एक हवी तर २.२ किलो. दहा किलोची म्हणून घेतलेली सुतळी, आणि हातात राहिले दोन! आता कुणी म्हणेल हजारात एक कशाला, घरगुती माटोळी आहे, पूल नाही. पण माटोळीत दोरी एक नसते. समजा ४० वस्तू ४० दोऱ्यांनी टांगल्या आणि प्रत्येकीची तुटायची शक्यता शंभरात एक, तर ४० पैकी निदान एक तरी तुटण्याची शक्यता ३३ टक्के होते, म्हणजे तीन वर्षांत एकदा काहीतरी खाली येणारच. हजारात एक ठेवलं तर ४ टक्के. काकडी पडली तर हसून सोडू, पण नारळ, फणस आणि कोहळा यांच्या दोऱ्यांना मी आता हजारवालाच हिशोब लावतो.

अंदाज काढून थांबू नका, तपासा. उरलेल्या सुतळीचे दोन दोन मीटरचे दहा तुकडे तोडा, वाशाला टांगून बादली पद्धतीनेच, आणि बघा ६.८ च्या जवळपास येतं का. बऱ्याचदा अंदाजापेक्षा घट कमी येते. एक कारण म्हणजे सुतळी खरी साखळी नाहीये, आतले तंतू पिळामुळे एकमेकांना धरून असतात, एक तंतू तुटला तरी थोडं पुढे परत घर्षणाने भार उचलतो. दुसरं म्हणजे गुंड्याचा एखादा पट्टाच पातळ आणि एखादा जाड असतो, तेव्हा तुकड्या-तुकड्यांतला फरक हा लांबीचा नाही, पट्ट्याचा असतो आणि एम उगाच छोटा दिसतो. सूत्रापेक्षा तुमचे दहा लांब तुकडे जास्त खरे, भांडण झालं तर त्यांचं ऐका. आणि ३० तुकड्यांवरून काढलेला एम स्वतःच निदान १४ टक्क्यांनी इकडेतिकडे असतो, १० तुकड्यांवर काढला तर २५ टक्क्यांनी, त्यामुळे एम ६.०३७ आला वगैरे लिहू नका, सहा म्हणा आणि गप्प बसा.

गाठीचं राहिलं. माटोळीत सगळं गाठीनेच बांधतात, कोण वेढे देत बसणार. म्हणून समजून घ्यायला बिनगाठीचे तुकडे, पण प्रत्यक्ष टांगायला काय वजन चालेल हे ठरवायला तुम्ही जी गाठ खरंच मारता ती मारून अजून २० तुकडे तोडा. सगळे गाठीपाशीच तुटले तर मग लांबीचा प्रश्न जवळजवळ मिटला, दोरी वीतभर असो की दोन मीटर, गाठी दोनच, आणि तुमचा हिशोब गाठी मोजण्याचा झाला. माझा घड मात्र गाठीला तुटला नव्हता, हातभर खाली मध्येच तुटला होता.

दुहेरी दोरी करून टाकली की दुप्पट, असं पण धरू नका. दोन्ही पदर कधीच सारखे ताणलेले नसतात, आधी घट्ट पदर सगळा भार घेतो, तो गेला की दुसऱ्यावर एकदम झटका. तिन्ही-चारी पदर नीट पीळ देऊन एक केले तर थोडं बरं.

सुतळी सोडून बाकीचं करून बघायचं असेल तर सगळ्यात सोपा खडू. दोन पेन्सिलींवर सहा सेंटीमीटर अंतराने आडवा ठेवायचा, मध्ये दोऱ्याने पिशवी टांगायची, पिशवीत हळूहळू तांदूळ. खडू वाकतो तेव्हा खालची बाजू ताणली जाते आणि तिथूनच फुटतो, म्हणजे हा ताणाचाच प्रयोग, आणि धरायची कटकट नाही. एका बॉक्समधले खडू डोळ्यांना अगदी सारखे दिसतात आणि आकडे बघून हसायला येतं. मासेमारीचा तंगूस घेतला तर उलट, नवीन असेल तर फार पसारा दिसत नाही, पण वाळूत खडकावर घासलेला जुना तंगूस घेऊन तेच ३० तुकडे तोडा आणि दोन्ही रेषा एकाच ग्राफवर काढा, कुठली ओरखडे पडलेली ते सांगावं लागत नाही. काथ्याचा एकेक तंतू वेगळा काढून करायची हौस असेल तर छोटा काटा लागेल आणि संयम भरपूर.

केवणीच्या दोरीचं अजून राहिलंय. यंदा आईने ती आणून ठेवलीय, मी ३० तुकडे मागितले, तर म्हणाली चवथ होऊ दे, मग काय ते तोड.